दूतावास मृत्यूचा दाखला देतो का?

‘परदेशात मृत्यू झाला तर दाखला फक्त आपल्या देशाचा दूतावासच देतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मृत्यू जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे आधी नोंद होते. मूळ दाखला तोच. मायदेशाची नोंद सहसा त्याच्याच आधारे होते. अमेरिकी दूतावास आपल्या नागरिकाच्या मृत्यूचा अहवाल देतो, तोही सहसा स्थानिक दाखला हाती आल्यावर. ब्रिटनने तर ही दुसरी नोंद ऐच्छिकच ठेवली आहे. बँक, विमा, वारसाहक्क यांसाठी स्थानिक दाखल्याचं प्रमाणित भाषांतर आणि १९६१च्या हेग करारातल्या देशांत अपोस्टिल (दाखल्यावरची सही-शिक्का खरे असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लागू शकतं. आणि हो, दाखल्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, आलंय का ते तिथेच तपासा. मागाहून दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं.