माझा, म्हणजे मदरबोर्डाचा, परवाना

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला की वाटतं, बोर्ड बदलला की भागलं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, डिस्क तीच, खुर्ची तीच आणि खुर्चीत बसलेलं गाढवही तेच. पण नव्या बोर्डावर यंत्र सुरू होतं आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरं उगवतात: 'ॲक्टिव्हेट विंडोज'. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर फिरतं मदरबोर्डाचं आणि वासे फिरतात आपल्यावर.

शिक्षा मात्र मोठी गमतीची असते. परवाना नसलेलं विंडोज बंद पडत नाही. ते फाइली उघडतं, छापतं, नको तेव्हा अपडेटही घेतं. फक्त सेटिंग्जमधून वॉलपेपर आणि रंग बदलू देत नाही. गुन्हा काय, तर मालकी सिद्ध न होणं, आणि दंड काय, तर भिंतीला रंग द्यायचा नाही! मला तर हे घरमालकाने भाडेकरूला दिलेल्या तंबीसारखं वाटतं, आणि विचार केला तर ते तसंच आहे.

गोम अशी की ते विंडोज आपण घेतलेलंच नसतं. ते मदरबोर्डाने घेतलेलं असतं, आपण फक्त पैसे दिलेले असतात. तयार कॉम्प्युटरबरोबर येतो तो ओईएम परवाना, आणि तो ज्या बोर्डावर जन्मतो त्याच बोर्डावर मरतो. विंडोज 8 पासून त्याची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याची सांकेतिक अक्षरं, कारखान्यातच बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहून ठेवतात. म्हणून विंडोज पुन्हा टाकताना ते की विचारत नाही, तक्त्यातून गुपचूप वाचून घेतं. हे सुखाचे दिवस. बोर्ड गेला की की गेली. (ही छपाईची चूक नव्हे. मराठीत 'की' हा शब्द मुळातच संशयाचा आहे. चालेल की नाही, खरी की खोटी, आपली की बोर्डाची.)

दुसरा प्रकार रिटेल, म्हणजे सुटा विकत घेतलेला. तो महाग पडतो, पण एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. अट एवढीच की एका वेळी एकाच यंत्रावर असावा. तिसरा व्हॉल्यूम, म्हणजे संस्थांनी घाऊक घेतलेला. इंटरनेटवर चहाच्या भावात 'आजीवन अस्सल की' मिळते ना, ती बहुधा याच गोतावळ्यातली, कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक कीची फुटकळ विक्री. अशा कीवर किती वेळा ॲक्टिव्हेशन होईल याचा आकडा ठरलेला असतो, आणि तो संपला किंवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती काळ्या यादीत टाकली की आजीवनातलं जीवन संपतं. केएमएस पद्धतीची असेल तर ॲक्टिव्हेशन 180 दिवसांचंच असतं. यंत्राने मधूनमधून संस्थेच्या सर्व्हरला हजेरी लावावी, ही अपेक्षा. घरच्या यंत्राला असा सर्व्हर कुठला? मग तो भासवणारं एखादं फुकट 'टूल' येतं, आणि ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं. चोराने कुत्रा बांधून ठेवा म्हणावं आणि आपण बांधावा, तसं हे आहे.

आपला परवाना कुठल्या जातीचा हे बोर्ड जळायच्या आधी बघून ठेवावं. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'एसएलएमजीआर', मोकळी जागा, 'स्लॅश डीएलआय' असं टाका. छोट्या खिडकीत 'ओईएम', 'रिटेल' किंवा 'व्हॉल्यूम' यांतलं एक येईल, शिवाय कीची शेवटची पाच अक्षरं. रिटेल दिसलं म्हणून लगेच आनंदू नये. जुन्या विंडोजवरून फुकट बढती घेतलेल्या यंत्रावरही रिटेलच दिसतं. मग ती पाच अक्षरं पाहावीत. प्रो आवृत्तीत '3व्ही66टी' किंवा होममध्ये '8एचव्हीएक्स7' असेल, तर ती सगळ्यांना सारखीच वाटलेली सर्वसाधारण की आहे. अशा वेळी खरा परवाना कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या यंत्राच्या ठशासमोर नोंदलेला असतो, आणि मूळचं जुनं विंडोज ज्या जातीचं, तीच त्याचीही जात.

कीच्या अक्षरांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण डब्यावरचं झिजलेलं लेबल वाचताना भल्याभल्यांची दृष्टी तपासली जाते. पाचाचे पाच गट, एकूण 25 अक्षरं. त्यांत इंग्रजी स्वर एकही नसतो. शून्य नाही, एक नाही, पाच नाही. एल नाही, एस नाही, झेडही नाही. तेव्हा गोल दिसलं तर ते शून्य किंवा ओ धरू नये, क्यू किंवा डी करून पाहावं. बी आणि 8 मात्र दोन्ही असतात, तसेच जी आणि 6. पहिला संशय तिथे घ्यावा. स्वर गाळल्यामुळे कीमध्ये चुकून एखादी शिवी तयार होण्याची सोय उरलेली नाही. ती जबाबदारी पूर्णपणे ग्राहकावर आहे.

आता बोर्ड बदलायचाच असेल आणि जुना अजून धुगधुगत असेल, तर तीन कामं आधी उरकावीत. बहुतेक जण ती नंतर आठवतात.

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम परवान्याचं नाहीच, कुलपाचं आहे. अलीकडची विंडोज 11 यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केली की डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. बिटलॉकर हे त्याचं नाव, घरगुती आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. हे कुलूप उघडणारी किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या भरवशावर असते, आणि ती चिप एकतर त्याच बोर्डावर असते किंवा प्रोसेसरच्या पोटात. बोर्ड बदलला की डिस्क परक्या घरी आल्यासारखी ओळख विसरते आणि निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागते. नसेल तर विषय संपला. कंपनी, तंत्रज्ञ, ज्योतिषी, कोणीही ती डिस्क उघडू शकत नाही. कुलपाचं कामच ते. म्हणून आधी प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टवर 'मॅनेज-बीडीई', मग 'उणे स्टेटस' देऊन कुलूप लागलंय का बघावं. लागलं असेल तर 48 अंक कागदावर उतरवावेत. कागदावर म्हणजे कागदावर. त्याच डिस्कवर 'महत्त्वाचे' नावाच्या फाइलीत ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेणं. बायोस (यंत्र सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावरही हा पडदा कधी कधी दिसतो, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

दुसरं काम, परवाना खात्याला जोडणं. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. तिथे 'डिजिटल परवाना तुमच्या खात्याला जोडलेला आहे' अशा अर्थाचं वाक्य हवं. 'खात्याला' हे शब्द नसतील तर जोडून घ्यावा. नवा बोर्ड लागल्यावर याच पानावर 0एक्ससी004एफ211 हा कोड येतो. त्याचा मराठी अर्थ 'तुम्ही ते तुम्ही नव्हे'. मग ट्रबलशूट दाबायचं, 'या यंत्राचं हार्डवेअर अलीकडे बदललं' हा पर्याय निवडायचा, खात्यात शिरायचं आणि यादीतून आपलं जुनं यंत्र ओळखायचं. यादीत नावं 'डेस्कटॉप' पुढे अगम्य अक्षरं अशी असतात. शवागारात ओळख पटवण्यापेक्षा हे अवघड जातं, म्हणून यंत्राला आधीच माणसासारखं नाव द्यावं. रिटेल असेल तर इथे सुटका होते. ओईएम असेल तर नियम असा की कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने सदोष बोर्ड स्वतः बदलून दिला तरच परवाना पुढे चालतो. अशा वेळी नव्या बोर्डात की आणि अनुक्रमांक लिहून दिलेत ना, हे तंत्रज्ञ उठायच्या आत तपासावं.

तिसरं, बाकीची विकतची सॉफ्टवेअरं. 'दोन यंत्रांवर चालेल' असं म्हणणारं सॉफ्टवेअर मेलेल्या यंत्रालाही जिवंत धरून मोजतं. आधी प्रत्येकातून साइन आउट करावं किंवा 'डीॲक्टिव्हेट' दाबावं. राहिलं तर खात्याच्या संकेतस्थळावरून जुनं यंत्र काढता येतं का बघावं. काही ठिकाणी तशी सोय असते, काही ठिकाणी तक्रार नोंदवून यंत्राच्या मृत्यूची हकिकत इंग्रजीत लिहावी लागते.

पूर्वी निदान फोनवर रडता यायचं. यंत्राने दिलेले 63 अंक, सात-सातचे नऊ गट, ध्वनिमुद्रित बाईंना ऐकवायचे. बाई पटल्या तर उलट 48 अंक सांगायच्या. मधोमध त्या एक प्रश्न विचारायच्या: हे किती कॉम्प्युटरवर टाकलंय? उत्तर 'एक'. त्यापुढे एक शब्दही नको. प्रामाणिक माणसं इथे इतिहास सांगू लागतात, आणि प्रामाणिकपणाचा रकाना बाईंच्या यंत्रात नसतो. घराघरांत हा ॲक्टिव्हेशनचा प्रकार 2001 साली विंडोज एक्सपीबरोबर आला. तेव्हा यंत्रातल्या दहा गोष्टी बघून, थोडे बदल पोटात घालून निवाडा व्हायचा. आता बोर्डाचं मत एवढं जड झालंय की बाकीचे मतदानाला न गेले तरी चालतं.

हे सगळं तुम्ही मान्य केलेलं आहे बरं का. 'आय ॲग्री'वर. 2010 च्या एक एप्रिलला गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने आपल्या अटींत ग्राहकाचा अमर आत्मा दुकानाच्या नावे करण्याचं कलम घुसवलं. सुमारे 7500 जणांनी तो दिला. नको म्हणणाऱ्याला सवलतीचं कूपन ठेवलं होतं, पण ते मिळवण्यासाठी वाचावं लागणार होतं. मला वाचणाऱ्यांचीही दया येते. तीस पानं वाचून करणार काय? 'मान्य नाही' दाबलं की करार सांगतो, मग विक्रेत्याकडे परत जा. विक्रेता सांगतो, पूर्ण कॉम्प्युटरच परत कर. युरोपीय न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 ला म्हटलंच आहे की विंडोजसकट कॉम्प्युटर विकणं एवढ्यानेच ती अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही. असून अडचण, नसून खोळंबा.

आणि विकत घेतलेलं विकता येतं का? पुस्तक येतं, खुर्ची येते. सॉफ्टवेअरचं उत्तर तुम्ही कुठल्या खंडात उभे आहात त्यावर आहे. युरोपीय न्यायालयाने 3 जुलै 2012 ला यूझ्डसॉफ्ट या वापरलेले परवाने विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात ठरवलं की कायमचा परवाना पैसे घेऊन दिला म्हणजे विक्री झाली, घेणारा तो पुढे विकू शकतो, मात्र स्वतःची प्रत निकामी करून. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत, ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती विकणाऱ्याच्या खटल्यात अपील न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं होतं: विक्री झालीच नाही, फक्त परवाना दिला. म्हणजे खोका तुमचा, तबकडी तुमची, पावती तुमची, वस्तू त्यांची. अखेर कॅलिफोर्नियाने कायदा केला, 2025 च्या सुरुवातीपासून लागू झालेला, की डिजिटल मालावर 'विकत घ्या' लिहायचं तर हा केवळ परवाना आहे हेही स्पष्ट सांगा. बटणावर खरं लिहायला कायदा लागला!

परवाना म्हणजे काय, हे सगळ्यांत सुबोधपणे कळलं ते जुलै 2009 मध्ये. ॲमेझॉनवर एका विक्रेत्याने हक्क नसताना ऑर्वेलची पुस्तकं विकली, आणि चूक कळल्यावर कंपनीने ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रातून ती दुरून पुसली. पैसे परत दिले. पुसलेल्या पुस्तकांत '1984', म्हणजे नकोसा मजकूर पुसून टाकणाऱ्या सरकारची कादंबरी होती, हा विनोद कंपनीने मुद्दाम केलेला नव्हता. एका विद्यार्थ्याने समासात केलेल्या टिपा मात्र पोरक्या झाल्या, आणि तो कोर्टात गेला. कंपनीने माफीही मागितली.

बोर्ड नवा घेताना मोह होतो, जुना स्वस्तातला मिळतो तोच लावू. तिथे विंडोज 11 आडवं येतं. त्याला टीपीएम 2.0 हवी, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, आणि प्रोसेसर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज 10 ची नेहमीची सेवा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, त्यामुळे ठणठणीत यंत्रं वयाच्या दाखल्यापायी घरी बसली. 'टीपीएम नाही' असा संदेश आला तरी लगेच बोर्ड भंगारात घालू नका. पुष्कळदा चिप असते, बायोसमध्ये बंद असते. इंटेलमध्ये ती 'पीटीटी' नावाने लपते, एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावाने. चालू करा, मग 'टीपीएम डॉट एमएससी' उघडून आवृत्ती बघा. (चालू करण्याआधी ते 48 अंक कागदावर आहेत ना?)

विंडोजऐवजी लिनक्स टाका, असं सांगणारा एक जण इथे उठतोच. त्याचं बरोबर आहे. लिनक्स बोर्ड बदलल्याची दखलही घेत नाही, निमूट सुरू होतं. त्यालाही कॉपीराइट आहे आणि जीपीएल नावाचा परवानाही आहे, पण तो परवाना वापरणाऱ्याला काही विचारत नाही, वाटणाऱ्याला विचारतो. विचारायचं ते वायफायच्या ड्रायव्हरला, आणि तेही इन्स्टॉल करण्यापूर्वी, पेन ड्राइव्हवरून चालवून बघत.

तर समजा सगळं जमलं, रिटेल परवाना बसला, कोपऱ्यातली फिकट अक्षरं गेली, वॉलपेपर बदलण्याचा मूलभूत अधिकार परत मिळाला. जुना बोर्ड खोक्यात घालून ई-कचऱ्याच्या ढिगात जातो. त्याचे कपॅसिटर फुगलेले, एक कोपरा काळा. पण त्याच्या फर्मवेअरच्या चिपला बहुधा काही झालेलं नसतं. तिच्यातली 25 अक्षरं अजून शाबूत असतात, कुठलाही वाद नसलेली, शंभर टक्के कायदेशीर, आणि त्या ढिगाऱ्याचा वॉलपेपर बदलायला पूर्ण मोकळी.