‘तीन वर्षं फोन उचलू नका’, मग जामीनदारानं काय करायचं?

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या ‘कर्जमुक्तीचे पाच कायदेशीर मार्ग’ असा एक संदेश फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ३ वर्षं हप्ता भरू नका, कर्ज मुदतबाह्य होतं. जामीनदाराची सही नावापुरती असते. खातं थकलं की बँक स्वतःहून निम्म्यात मिटवते. नाहीतर सगळी कर्जं मिळून एकच मोठं कर्ज काढा. आणि काहीच जमलं नाही तर दिवाळखोरी जाहीर करा, सगळं माफ. पतसंस्थांचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम असल्यानं पहिल्यांदा वाचून हसू आलं. पण चांगली शिकलेली माणसं ‘हे खरं का हो?’ म्हणून विचारू लागली, तेव्हा उत्तर लिहायला घेतलं.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि तेच घातक. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उसनवारीचा दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, हे बरोबर. पण मुदत संपायच्या आत ‘बाकी मान्य’ लिहिलेल्या कागदावर तुमची सही झाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घर गहाण असेल तर मुदत १२ वर्षांची. शिवाय मुदत संपते ती दाव्याची, कर्जाची नाही. ते खात्यावर आणि सिबिलवर राहतंच.

आणि ३ वर्षं थांबतंय कोण? पतसंस्था सहसा दिवाणी कोर्टाची पायरी चढतच नाही. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडे अर्ज, सुनावणी, की वसुली दाखला. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. तारण असेल तर बँकेकडे २००२ चा सरफेसी कायदा आहे: ६० दिवसांची नोटीस आणि नंतर कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय ताबा. तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचं सुप्रीम कोर्टानं मे २०२० मध्ये सांगितलं, तेही आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, एवढा दिलासा खरा. कोरा चेक देऊन ठेवला असेल तर चेक न वटल्याचं कलम १३८ वेगळंच.

आता जामीनदार. सगळ्यात मोठी थाप इथं आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं त्याला म्हणता येत नाही. पगारदारांच्या संस्थेत तर पगारातून कपातीचं हमीपत्र आधीच दिलेलं असतं. तासगाव म्हणा, कोरेगाव म्हणा, जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा चुलतभाऊ, मेहुणा किंवा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. चहा पिता पिता, न वाचता सही केलेला. एक दिवस त्याच्या पगारपत्रकाच्या कपातीच्या रकान्यात दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता दिसतो आणि घरी बायको विचारते, ‘हे साडेचार हजार कसले?’ तुम्ही फोन उचलत नाही, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. पुढं भावकीत बोलणं बंद, लग्नाची पत्रिका नाही. त्यानं भरलेले पैसे तो तुमच्याकडून कायद्यानं वसूल करू शकतो, म्हणजे कर्ज सुटलंच नाही, फक्त मागणारा माणूस बदलला.

म्हणून माझा क्रम संदेशाच्या उलटा आहे. ज्या कर्जामागं दुसऱ्याची सही किंवा राहतं घर आहे, तो हप्ता आधी. बाकीचे अर्ज-विनंतीवर.

निम्म्यात मिटवण्याबद्दल. तडजोड होते, रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये तिची चौकटही घालून दिली आहे. पण पगार चालू असलेल्याला बँक स्वतःहून बोलावून सूट देईल, या भ्रमात राहू नका. मिटवलं तर सिबिलवर खातं ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि शेतीकर्ज सोडलं तर किमान १२ महिने ती संस्था नवं कर्ज देत नाही. खरंच ऐपत संपली असेल आणि बेदाण्याचे किंवा हळदीचे पैसे एकरकमी हातात येणार असतील, तर मात्र हा मार्ग चांगलाच. पतसंस्थांकडे एकरकमी परतफेड योजना असते, ती विचारा. पैसे एजंटच्या फोनपेवर नाही, संस्थेच्याच खात्यावर. आधी लेटरहेडवर पत्र हवं: रक्कम, तारीख, आणि ‘जामीनदार मुक्त’ हे शब्द.

सगळ्याचं एकच कर्ज करण्याला माझा सरसकट विरोध नाही. गणित करून बघा. २ लाख, १४ टक्के, ३ वर्षं: हप्ता साधारण ६,८३५, व्याज ४६ हजार. तेच ७ वर्षांवर नेलं तर हप्ता ३,७५० च्या आत येतो, हायसं वाटतं, पण व्याज १ लाख १४ हजारांच्या पुढं. उलट क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेत आणि महिना साडेतीन टक्के लागतंय असं धरा. व्याज २,१०० आणि त्यावरचा जीएसटी धरून महिन्याला जवळपास अडीच हजार जातात. तेवढ्याच रकमेचं सोनेतारण १२ टक्क्यांनी घेतलं तर महिना ६०० रुपये. इथं बदल करायलाच हवा. फक्त त्याच दिवशी कार्ड कात्रीनं कापा. नाहीतर सहा महिन्यांनी कार्डही भरलेलं आणि पाटल्याही तारणात. (वापरात नसलेलं सोनं सरळ विकून टाकावं असं माझं मत आहे. घरोघरी या वाक्यावर भांडण होतं, होऊ द्या.)

दिवाळखोरी. हा मुद्दा अमेरिकेतल्या कुठल्यातरी व्हिडिओवरून उचललेला दिसतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुम्हाआम्हाला आजही १९२० चा नादारीचा कायदा. अर्ज मंजूर झाला की थोड्या वस्तू वगळता मिळकत कोर्टाच्या ताब्यात, कर्जातून मोकळं करायचं की नाही ते कोर्ट ठरवणार, आणि तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच. याच कायद्याचं कलम ४४ स्पष्ट सांगतं की तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. नादार ठरलेल्याला स्थानिक संस्थेची निवडणूकही लढवता येत नाही. आमच्याकडे कर्जापेक्षा हेच जास्त झोंबेल.

संदेशात एका कर्जाचा उल्लेखच नाही: खासगी सावकार. महिना ५-१० टक्के आणि ‘नुसतं तारण’ म्हणून करून घेतलेलं खरेदीखत. १८७५ मध्ये पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांकडची खतं हिसकावून जाळली. त्यानंतर शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी आलेला १८७९ चा कायदा सातारा जिल्ह्यालाही लागू होता, आणि आजचे वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. आता जाळपोळ नको. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. हे कर्ज यादीत सगळ्यात वर लिहा.

बाकीच्यांकडे पहिला हप्ता चुकायच्या आधी जा. वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण ती वेळच येऊ देऊ नका. ऊसबिलावर जगणाऱ्यानं महिन्याचा हप्ता बांधून घेण्यात अर्थ नाही. हंगामाप्रमाणे हप्ते पाडून द्या असं लेखी मागा, सोबत कारखान्याच्या बिलाची आणि पासबुकाची झेरॉक्स लावा. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.