ज्यांच्या घरी नवी गिटार आली आहे, त्यांच्याकडे जाताना

आपल्या ओळखीतल्या एखाद्या बाईने मुलांचे क्लास, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि घराचे हप्ते यांतून वाट काढत वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी गिटार घेतली आहे, अशी वार्ता आपल्या कानी आली असेल, तर तिच्याकडे शक्य तितक्या लवकर जाऊन येणे इष्ट आहे. सत्तावीस वर्षे जपलेली इच्छा पुरी झाली की माणसाला थोडा चळ लागतो, तो एकटाच हसतो, फोडणी तडतडत असताना ओट्यावर बोटांनी ताल धरतो, आणि हे असेच चालू राहिले तर घराला वळण राहत नाही. त्यावर उपाय पाहुण्यांनीच करायचा असतो. तो कसा करावा याचे संपूर्ण प्रात्यक्षिक आमच्याकडे नुकतेच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला झाले असल्यामुळे, त्या अनुभवाच्या आधारे काही सूचना येथे देत आहे.

गेल्या गेल्या किंमत विचारावी. वाद्य पाहण्याआधी विचारली तर अधिक चांगले. आकडा कळल्यावर क्षणभर गप्प राहावे आणि मग कळवळ्याने म्हणावे, "एकतीस हजार? अगं, ऑनलाइन तीन हजारांत मिळते, वर पट्टा आणि पिशवी फुकट." यावर ती बिचारी समजावू लागेल की तीन हजारांच्या गिटारची वरची फळी बहुधा प्लायवूडची असते, हिची मात्र स्प्रूसच्या अखंड लाकडाची आहे, ती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आहे, तार छेडली की ती फळीच थरथरते आणि आपण ऐकतो तो नाद मुख्यतः त्या थरथरण्याचा असतो, आणि वर्षानुवर्षे वाजवत गेले की तो अधिकाधिक मोकळा होत जातो असे म्हणतात. हे मुळीच ऐकू नये. पाठीला आणि बाजूंना शिसवी आहे, हेही ती सांगेल. ब्राझीलमधून तिथल्या शिसवीचे ओंडके येणे बंद झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ पासून आपल्याकडची शिसवी वापरायला घेतली, म्हणजे माझ्या आजीचा पलंग आणि जगातल्या नावाजलेल्या गिटारी एकाच जातीच्या झाडाच्या, असेही काहीबाही ती डोळे मोठे करून बोलेल. त्यावर "म्हणजे लाकडाचेच पैसे घेतात म्हण की" एवढे बोलून पन्ह्याचा पेला उचलावा.

नंतर वय विचारावे. माहीत असले तरी विचारावे.

"पेटी का नाही घेतलीस? आपले वाद्य आहे," हा प्रश्न राखून ठेवावा, कारण त्याला उत्तर देण्याइतका उद्धटपणा यजमानीणबाईंना हळदीकुंकवाच्या दिवशी परवडत नाही. ज्या पेटीला आपण आपली म्हणतो, तिचे पेटंट अलेक्झांद्र दबेन नावाच्या गृहस्थाने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले होते आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला परकी ठरवून दाराबाहेर उभे केले होते, हे तिच्या जिभेवर आलेले असते. ज्या व्हायोलिनवर आपण मारवा ऐकतो तेही युरोपातूनच आले, आणि गिटारला जादा तारा लावून तिची मोहनवीणा करणाऱ्या विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळाले, हेही तिला सांगायचे असते. पण तिच्या एका हातात अत्तरदाणी असते आणि दुसऱ्या हातात हरभऱ्यांची परात. ती हसून "बघू पुढे" असे म्हणते. तेवढ्यात आपण जिंकलेले असतो.

यानंतर "काहीतरी वाजवून दाखव ना" असे म्हणावे. गिटार पाडव्याला घरी आली असून आज अवघा सतरावा दिवस आहे, ही गोष्ट मध्ये येऊ देऊ नये. पोलादी तारा दाबून तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोके इतकी हुळहुळी झालेली असतात की गरम पोळी उलटताना तिला उजवा हात वापरावा लागतो. तिथे घट्टे पडायला अजून काही आठवडे लागतील. सतरा दिवसांत तिला कॉर्डांपैकी, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुळण्यांपैकी, ई मायनर येतो, कारण त्याला दोनच बोटे लागतात. जी आणि सी येतात, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये एखादे बस-स्थानक लागावे इतका वेळ जातो. एफ येत नाही, कारण त्याच्यासाठी तर्जनी पहिल्या पट्टीवर साही तारांवर आडवी दाबून धरावी लागते आणि तिची तर्जनी गेली पंचवीस वर्षे केवळ मुलांना दटावण्याच्या कामी आलेली आहे. तिला येते ते असे एवढेच. परंतु आठव्या दिवशी, पहाटे साडेपाचला, घरातले सगळे झोपलेले असताना तिने सी कॉर्ड धरला आणि एकही तार दबकी न वाजता तो स्वच्छ उमटला, जाड तारेचा कंप पोटातून फासळ्यांपर्यंत चढला आणि तिला स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यावे लागले. हे ती तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आपले एखादे जुने, अवघड, पाच कडव्यांचे गाणे फर्मावावे, तिने दोन सूर काढताच शेजारणीला "डाळ छान झाली आहे, कैरी तोतापुरी का?" असे विचारावे, आणि ती थांबली की "का गं थांबलीस?" असे म्हणावे.

"आमच्याकडेही एक आहे, माळ्यावर पडली आहे," हे वाक्य निरोप घेईपर्यंत निदान तिघींनी उच्चारावे.

गिटार आतल्या खोलीत पलंगावर ठेवलेली आढळली, तर तिच्यावर पर्सेस, ओटीच्या पिशव्या आणि एखाद्या झोपलेल्या बाळाचे दुपटे ठेवावे. आकार केवढा मोठा आहे, म्हणून तर ठेवायचे. या घाटाच्या गिटारला ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ साली पाण्यात उतरलेल्या त्या नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून १९१६ मध्ये हे नाव पडले, आणि ड्रेडनॉट म्हणजे कशालाही न भिणारी. आमची युद्धनौका अकरा पर्सेसच्या खाली बुडाली, तो भाग वेगळा.

आता मुख्य सूचना. मुलांना मोकळे सोडावे. हळदीकुंकवाला नऊ वर्षांचा एक मुलगा सोबत न्यावा, त्याला आंबेडाळीची वाटी हातात द्यावी, आणि ती संपल्यावर हात धुवायला न पाठवता आतल्या खोलीत पाठवावे. तिथे तो काय करतो हे पाहण्यास कोणीही जाऊ नये, कारण मूल शांत आहे यापेक्षा मोठे सुख आईला नसते. मूल शांतच असते. ते गिटारच्या खुंट्या पिळत असते. या खुंट्या बनवताना कोणीतरी मोठ्या कौशल्याने त्यांत दाते बसवलेले असतात, खुंटी चौदा ते अठरा वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो, कारण सूर केसाएवढा वरखाली करायचा असतो. नळाच्या चावीसारखी ती पिळण्यासाठी ही योजना केलेली नसते. साही तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दीड पोते सिमेंट त्या पातळ फळीला आणि मानेला रात्रंदिवस ओढत असते. मानेच्या आत लोखंडी सळई घातलेली असते ती त्यासाठी. त्यातली सर्वांत बारीक तार ०.३ मिलिमीटरची, सेकंदाला सुमारे ३३० कंपने देणारी, ती एकटी दहा किलोंच्या आसपास ताण सोसते. तिला आणखी पिळले तर काय होते, हे कळायला शाळेत जावे लागत नाही. मी बाहेर ओटी भरत होते. आतून आवाज आला. तार तुटल्याचा आवाज ज्याने एकदा ऐकला आहे त्याला तो दुसऱ्यांदा ओळखता येतो, आणि मी तो सतरा दिवसांत एकदाही ऐकला नव्हता, तरीही ओळखला. नशीब, ती तार मुलाच्या डोळ्याला लागली नाही. लागली असती तर दोष माझ्यावर आला असता, यात मला शंका नाही. मुलाने दचकून गिटार सोडली. ती पलंगाच्या कडेवरून फरशीवर पडली. मी आत गेले तेव्हा ती पालथी पडलेली होती आणि उरलेल्या पाच तारा अजून गुणगुणत होत्या. उचलली तेव्हा खालच्या कडेचा रुपयाएवढा टवका निघालेला होता, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजपासून केसासारखी एक चीर कडेकडे गेलेली होती, आणि त्या चिरेच्या शेजारी, पांढुरक्या लाकडावर, फोडणीच्या हळदीची तीन बोटे उमटलेली होती. रेषा मोजता याव्यात इतकी स्पष्ट.

अशा वेळी मुलाच्या आईने काय म्हणावे, याचे आदर्श उदाहरण पुढीलप्रमाणे आहे. "अगं बाई, तुटली वाटतं! केवढ्याला येते गं एक तार? शंभराला?" मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि उपस्थितांना सांगावे की याला पहिल्यापासूनच संगीताची आवड आहे. उपस्थितांनी माना डोलवाव्यात. एका वृद्ध बाईंनी "मुलांच्या हाताला यश असते" असे म्हणावे. त्या कशाबद्दल बोलत आहेत हे कोणीही विचारू नये. यजमानीणबाई गप्प उभी असेल, तर "एवढं काय तोंड पाडायचं, वस्तूच आहे ती" असे म्हणून तिला धीर द्यावा. आणि जाताना तिच्याच हातचे हरभरे ओंजळभर जास्त मागून घ्यावेत.

दुरुस्तीला दिल्यावर कारागिराने चिरेच्या आतल्या बाजूने लाकडाच्या चकत्या डकवाव्या लागतील असे सांगितले. आवाज पूर्वीसारखा होईल का, असे मी विचारले. तो म्हणाला, "वाजेल." मी त्याला पुन्हा विचारले नाही.

मला आता उपरोध जमत नाही, म्हणून सरळ लिहिते. तुम्ही हे दुष्टपणाने करत नाही, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. याच घरात माझ्या सासऱ्यांचा तंबोरा कोपऱ्यात उभा आहे. त्याच्यावर कोणी पर्स ठेवली नाही. त्याला चुकून पाय लागला तर तुम्ही वाकून हात जोडता, आणि तुमच्या नातवंडांना त्याच्या जवळ जाऊ देत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याची बातमी आमच्या नातलगांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांसह तुम्हीच पाठवली होती. तेव्हा वाद्याला हात कसा लावायचा हे तुम्हाला कळत नाही, असे मी मानणार नाही. तुम्हाला ते पूर्ण कळते. तंबोरा सासऱ्यांचा होता. ही गिटार माझी आहे, एवढाच फरक आहे. घरातल्या बाईने स्वतःसाठी आणलेली वस्तू ही सगळ्यांची असते, तिची साडी बहिणीने मागायची, तिचा मोबाइल भाच्याने खेळायला घ्यायचा, तिची दुपार कोणीही वापरायची, असे तुम्ही मानत आलात, आणि मीही इतकी वर्षे देत आले. तुमच्या लेखी ते वाद्य नव्हते, माझे खूळ होते, आणि खुळाला काय जपायचे!

१९९८ साली स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्यांदा गिटार माझ्या मांडीवर ठेवली, तेव्हा आधी स्वतःच्या मनगटातले घड्याळ काढले होते, लाकडाला ओरखडा जाऊ नये म्हणून, आणि मग मला म्हटले होते, "बांगड्या काढता का जरा?" तो मुलगा वीस वर्षांचा होता. तुमच्यातल्या कित्येकजणी साठीच्या आहेत. दुसऱ्याच्या घरातल्या आतल्या खोलीत जाताना विचारून जायचे असते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारून लावायचा असतो. मुलाने मोडतोड केली तर त्याच्याकडून माफी मागवायची असते, त्याचे कौतुक करायचे नसते. आणि तार शंभराला मिळते की दोनशेला, हे मला विचारायचे नसते; बाजारात जाऊन आणायची असते.

पुढच्या चैत्रात अवश्य या. आंबेडाळ खा, पन्हे प्या, ओटी घ्या. पर्सेस आपापल्या मांडीवर ठेवा. आतल्या खोलीला कुलूप असेल, आणि मुलाला तहान लागली आहे, झोप आली आहे, त्याला फक्त एकदा बघायची आहे, यांपैकी काहीही मला सांगू नका.