एसईसी संपली नाही, तिची बेंच रिकामी झाली

इंडियानानं जानेवारी २०२६मधे मायामीला २७-२१ हरवून अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं नॅशनल टायटल घेतलं तेव्हापासून आमच्या मिडवेस्टच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच रेकॉर्ड वाजतंय, एसईसी संपली, साउथची मस्ती उतरली, आता बिग टेनचं राज्य. मी स्वतः ओहायोत राहतो, माझा कल कुठे आहे ते सांगायला नको, पण तरी मला हे पटत नाही. म्हणजे राज्य बदललं हे खरंय, का बदललं ते मात्र लोक चुकीचं सांगतायत.

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या टीम्स कॉन्फरन्समधे विभागलेल्या असतात आणि बहुतेक मॅचेस आपल्याच कॉन्फरन्समधे होतात. अलाबामा, जॉर्जिया, एलएसयू (लुइझियाना स्टेट) ही साउथची मंडळी एसईसीत, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समधे. ओहायो स्टेट, मिशिगन, इंडियाना बिग टेनमधे, जिच्यात आता दहा नाही अठरा टीम्स आहेत (नाव बदलायचे कष्ट कोणी घेतले नाहीत). आणि हो, "हे तर रग्बीच की" अशी कमेंट टाकणाऱ्यांना आधीच हात जोडतो.

एसईसीचा दबदबा किती होता ते आधी बघा. २००६ ते २०१२ सलग सात टायटल्स, तीही फ्लोरिडा, एलएसयू, अलाबामा, ऑबर्न अशा चार वेगवेगळ्या टीम्सची. २००६ ते २०२२ या सतरा सीझनमधे तेरा टायटल्स, आणि फायनलमधे एसईसीची एकही टीम नाही असं फक्त एकदा झालं, २०१४ला. आणि आता? मिशिगन, ओहायो स्टेट, इंडियाना, लागोपाठ तीन वर्षं बिग टेन, तीन वेगळ्या टीम्स, आणि या तिन्ही फायनल्समधे एसईसीचा पत्ताच नाही.

यावर सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे अलाबामाचा कोच निक सेबन रिटायर झाला ना, मग अलाबामा पडली आणि सोबत एसईसी पडली. अहो पण सेबन रिटायर झाला जानेवारी २०२४मधे, आणि त्याच्या आधीच १ जानेवारीला रोझ बोल या मोठ्या मॅचमधे तो स्वतः साइडलाइनला उभा असताना मिशिगननं त्याला ओव्हरटाइममधे २७-२० हरवलं होतं. मला तर उलट वाटतं, माणूस शहाणा होता, वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते त्यानं आपल्यापेक्षा लवकर ओळखलं.

खरी गोष्ट बेंचची आहे. २०१८ची अलाबामा आठवा. एकाच टीममधे तीन क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू), जेलन हर्ट्स, टुआ टॅगोवायलोआ आणि मॅक जोन्स. तिघंही पुढे एनएफएलमधे, म्हणजे प्रोफेशनल लीगमधे, स्टार्टर झाले. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजनं यातल्या एकासाठी देव पाण्यात ठेवले असते, आणि इथे मॅक जोन्स हातात क्लिपबोर्ड घेऊन साइडलाइनला. का थांबला? कारण तेव्हा कॉलेज बदललं की एक वर्ष घरी बसायला लागायचं, आणि जिथे जाशील तिथे उघडपणे एक डॉलरही मिळायचा नाही. म्हणून तो थांबला आणि २०२०ला टायटल घेऊन गेला. एसईसीची ताकद पहिल्या अकरांत होती तेवढीच त्या मागच्या रांगेत होती, कोणाचा गुडघा गेला की दुसरा तसलाच तयार.

मग २०२१ आलं. १ जुलैपासून एनआयएल सुरू, म्हणजे खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर उघड पैसे कमवू शकतो. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलायला घरी बसायची अट गेली, आणि २०२४पर्यंत तर कितीही वेळा बदला असं झालं. थोडक्यात दरवर्षी आयपीएलचं ऑक्शन, फक्त रिटेन्शनचा नियम नाही आणि पर्सची मर्यादासुद्धा आत्ता आत्ता आली, जून २०२५च्या कोर्ट सेटलमेंटनंतर, कॉलेज स्वतः खेळाडूंना २०२५-२६ला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत देऊ शकत होतं, बाहेरचं एनआयएल वेगळं.

आता या बाजारात कोण पुढे जाणार? ज्यांचे माजी विद्यार्थी लाखांनी आहेत आणि खिशात पैसे आहेत ते. मिडवेस्टची ही अवाढव्य स्टेट युनिव्हर्सिट्यांची मंडळी, शिकागोपासून न्यूयॉर्कपर्यंत पसरलेले त्यांचे इंजिनियर, वकील, बँकवाले. ओहायो स्टेटनं २०२४च्या टीमवर सुमारे दोन कोटी डॉलर्स घातले हे त्यांच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनं स्वतः सांगितलेलं आहे. आणि त्यातून आलं कोण? केलेब डाउन्स, अलाबामातून. क्विन्शॉन जडकिन्स, ओल मिसमधून (मिसिसिपी युनिव्हर्सिटी, तीही एसईसीतली). म्हणजे साउथची पोरं उत्तरेला येऊन उत्तरेला टायटल देऊन गेली आणि आम्ही म्हणतोय आम्ही साउथला हरवलं!

दुसरी गोष्ट फार कोणी बोलत नाही, ती म्हणजे थंडी. पूर्वी मोठ्या बोल मॅचेस (सीझनअखेरच्या खास मॅचेस) कुठे, तर फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्सस, कॅलिफोर्निया. उत्तरेच्या टीमनं डिसेंबरमधे विमानात बसायचं आणि साउथच्या अंगणात जाऊन खेळायचं. २०२४ला प्लेऑफ, म्हणजे टायटलसाठीचा शेवटचा नॉकआउट, चारचा बारा टीम्सचा झाला आणि पहिल्या राउंडच्या मॅचेस कॅम्पसवर आल्या. २१ डिसेंबरच्या रात्री एसईसीची टेनेसी ओहायो स्टेटच्या घरी कोलंबसला आली तेव्हा मी वरच्या डेकवर होतो, तापमान शून्याच्या खाली, अंगावर दोन थर्मल्स, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, तरी बोटं बधिर. टेनेसीवाले हजारोंनी आले होते, स्टँडमधे नारिंगीचे नुसते पट्टेच्या पट्टे, मॅचच्या आधी त्यांचं गाणं आमच्यापेक्षा जोरात. पहिल्या क्वार्टरला २१-० झालं. माझ्या पुढच्या रांगेत एक काका शेवटपर्यंत टोपी कानावर ओढून गप्प बसून होते, ४२-१७ संपलं तेव्हा उठले आणि मला म्हणाले, इथे माणसं राहतात कशी! काय सांगणार, आम्हालाही पडतो कधीकधी हा प्रश्न.

आणि हेही लक्षात घ्या, त्याच ओहायो स्टेटनं त्या मॅचच्या तीन आठवडे आधी घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० मार खाल्ला होता. जुन्या चार टीम्सच्या प्लेऑफमधे दोन पराभव आणि कॉन्फरन्सची फायनलही नाही म्हटल्यावर त्यांना दारातही उभं केलं नसतं. तेव्हा पैसा, ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आणि प्लेऑफचा फॉरमॅट, तिन्ही एकदम बदललं, आणि लोक याला "कल्चर" म्हणतात.

इंडियानाचं काय मग? तिथे मात्र मी टोपी काढतो. २०२५चा सीझन सुरू झाला तेव्हा मोठ्या कॉलेजांमधे इतिहासात सगळ्यात जास्त पराभव नावावर असलेली ही टीम. बास्केटबॉलचं गाव ते, फुटबॉल म्हणजे थंडी पडायच्या आधीचा टाइमपास. २०२३ला ३-९, म्हणजे तीन विजय, नऊ पराभव. मग जेम्स मॅडिसनसारख्या छोट्या कॉलेजातून कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, येताना स्वतःची डझनभर पोरं घेऊन आला, आणि दुसऱ्या वर्षी १६-०. अलाबामाला रोझ बोलमधे ३८-३. स्कोअर परत वाचा, अलाबामा ३. सिग्नेटीकडे पैसाही होता, पण मोठ्या नावांच्या मागे न लागता त्यानं चार चार वर्षं खेळून पक्की झालेली पोरं उचलली, हे मला सगळ्यात आवडलं.

आता फायनलच्या दोन्ही क्वार्टरबॅककडे बघा. इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा कॅलमधून (बर्कलीची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) आलेला, मायामीचा कार्सन बेक जॉर्जियातून. दोघंही दुसऱ्याच्या घरातले.

एसईसीनं २०२५च्या सीझनला प्लेऑफमधे पाच टीम्स घुसवल्या होत्या. त्यातल्या जिंकल्या कशा ते बघा. अलाबामानं ओक्लाहोमाला हरवलं, ओल मिसनं जॉर्जियाला, म्हणजे आपापसातच. बाहेरच्यांपैकी फक्त टुलेन. बाकी टेक्सस ए अँड एम, ओल मिस दोघंही मायामीकडून गेले. यावर एसईसीवाले म्हणणार आमच्यात सगळेच तगडे म्हणून आम्ही दमतो. अर्धं खरंय ते. एसईसीतल्याच व्हँडरबिल्टनं ऑक्टोबर २०२४मधे नंबर वन अलाबामाला ४०-३५ पाडलं आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या भर रस्त्यातून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत टाकला! तिथलाही क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया न्यू मेक्सिको स्टेटमधून उचललेला. सांगायचं हेच, की हा बाजार फक्त उत्तरेलाच उघडला नाही, अलाबामाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही उघडला. पण दुसरं अर्धं असं की बिग टेनवाले कॉन्फरन्समधे नऊ मॅचेस खेळत असताना एसईसी आठवर भागवायची आणि नोव्हेंबरात मधेच एखादं लिंबूटिंबू घरी बोलवायची. २०२६पासून तेही नऊ खेळणारेत. आता बघू दमणं काय असतं.

पण माझी खरी चिडचिड या दोघांवर नाहीच. १९१५पासूनची मुळं असलेली पॅक-१२ दोन उन्हाळ्यांत पाचोळ्यासारखी उडाली, त्याबद्दल ग्रुपवर एक शब्द नाही. २०२२ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे, २०२३ला ओरेगॉन आणि वॉशिंग्टन त्यांच्या मागे, चार जण बिग ट्वेल्व्हला, आणि स्टॅनफर्ड, कॅल चक्क अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधे. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं! यूसीएलएच्या व्हॉलीबॉलच्या पोरी आता कॉन्फरन्स मॅचसाठी न्यू जर्सीला जातात, जवळजवळ चार हजार किलोमीटर, आणि सोमवारी लेक्चरला हजर. ते कशासाठी, तर फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी. बिग टेनचं फॉक्स, सीबीएस, एनबीसीबरोबरचं डील सात वर्षांचं, सात अब्ज डॉलर्सच्या वरचं.

मागे राहिले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी काय वाईट केलं होतं? काही नाही, त्यांची गावं छोटी, टीव्ही मार्केट छोटं. ज्या बदलानं इंडियानाला दारं उघडली त्याच बदलानं या दोघांना घराबाहेर काढलं, आणि इंडियाना त्या दिवशी बिग टेनमधे नसती तर सिग्नेटीसकट तीही बाहेर असती. म्हणून "आता कोणीही जिंकू शकतं" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. कोणीही नाही, योग्य कुंपणाच्या आतला कोणीही. मायामी, टेक्सस टेक येतात अधूनमधून, टेक्सस टेककडे तेलाचा पैसाही आहे, तरी ओरेगॉनकडून २३-० हरले.

आणि पुढचं ठरवणारे कोण? एसईसीचे कमिशनर ग्रेग सँकी आणि बिग टेनचे कमिशनर टोनी पेटिटी. प्लेऑफ सोळाचा करायचा की चोवीसचा यावर दोघांचं जमत नाही म्हणून २०२६लाही बाराच राहिला. बाकी सगळ्या कॉन्फरन्सेसनी फक्त बघायचं. तेव्हा ग्रुपवर नॉर्थ विरुद्ध साउथ काय भांडायचं ते भांडा, मीही येतो, पण या दोघांचं एकदा जमलं की उरलेल्यांच्या वाट्याला काय येतं तेही कोणीतरी विचारा.