पाच मीटर वाळू

इटलीतल्या ओत्रांतोच्या उत्तरेला एका लिदोच्या फाटकाशी आम्हाला अडवलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. आम्ही चौघी मैत्रिणी, खांद्यावर टॉवेल, हातात कलिंगडाच्या फोडींचा डबा. फाटकावरचा मुलगा वीस-बाविशीचा, बोलायला सभ्य. आत फक्त गिऱ्हाइकांना, म्हणाला. एक छत्री आणि दोन आरामखुर्च्या, पुढच्या रांगेत 50 युरो, मागे 35. आम्ही म्हटलं, बसायचं नाहीये, पलीकडच्या मोकळ्या वाळूवर जायचंय, मधून जाऊ दे. त्याने मान हलवली. मग भर उन्हात पाइनच्या झाडीतून वळसा घालून पाऊण किलोमीटर चाललो. आमच्यातली एक डॉक्टर आहे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. ती काही बोलली नाही, पण दर शंभर पावलांवर थांबत होती. मला राग त्या मुलाचा आला नाही, फाटकाचा आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लिदो म्हणजे चालवायला दिलेला किनारा. इटलीत समुद्रकिनारा सरकारी मालकीचा आहे. त्याचा तुकडा ठरावीक मुदतीसाठी एखाद्या कुटुंबाला किंवा कंपनीला मिळतो. ते तिथे छत्र्यांच्या रांगा लावतात, शॉवर, संडास, कॉफीचा बार करतात, जीवरक्षक नेमतात. ज्याला परवडतं तो तिथे बसतो. उरते ती 'स्पियाजा लिबेरा', मोकळा किनारा. तिथे टॉवेल आपला, छत्री आपली, डबा आपला. रिमिनीच्या बाजूला मैलोन्‌मैल छत्र्याच छत्र्या आहेत. त्या मानानं आम्ही गेलो तो पुलिया प्रांत बरा. तिथल्या प्रादेशिक कायद्यानं प्रत्येक किनारी गावानं किमान 60 टक्के सरकारी किनारा लोकांसाठी मोकळा ठेवायचा आहे.

आम्ही कोण ते थोडक्यात सांगते. कॉलेजातल्या चौघी, आता पन्नाशी ओलांडलेल्या. एक फ्रँकफर्टला असते, एक डॉक्टर, एकीचं माहेर वेंगुर्लं, आणि मी. सात दिवसांत पाच शहरं बघायची नाहीत, एका गावात घर घ्यायचं आणि रोज समुद्रात जायचं, एवढंच ठरलेलं. ब्रिंदिसीच्या विमानतळावरून दक्षिणेला सालेन्तोत, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेत, शिरलं की दोन्ही बाजूंना ऑलिव्हची वाळलेली झाडं दिसतात. करडी, बिनपानांची, काही शेकडो वर्षांची. 2013मध्ये गालीपोलीजवळ झायलेला नावाचा जिवाणू सापडला. एक छोटा किडा तो झाडाझाडांवर पसरवतो, आणि झाडाच्या आतलं पाणी तुटतं. लाखो झाडं गेली. वेंगुर्लेकरीण बराच वेळ काचेला डोकं टेकून बसली होती. तिच्या घरची काजू-आंब्याची बाग आहे, तिला सांगायची गरज नव्हती.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या दिवशी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून सुईदोऱ्यात छोटे टोमॅटो ओवत बसल्या होत्या. देठाशी सुई घालायची, सात-आठ झाले की गाठ. ती माळ छताला टांगली की हिवाळ्यापर्यंत टिकते. तरुणपणी त्या श्टुटगार्टजवळ कारखान्यात कामाला होत्या, त्यामुळे आमच्या फ्रँकफर्टवालीशी जर्मनमध्ये छान जमलं. या भागातली कितीतरी माणसं अशी जर्मनी, स्वित्झर्लंड, बेल्जियमला गेली आणि दर ऑगस्टला गावी येतात. गणपतीला चाकरमानी येतात, तसंच. बंद घरं उघडतात, चादरी गॅलरीत वाळतात.

फाटकाचं सांगितल्यावर आजींनी सुई खाली ठेवली. "पाच मीटर," म्हणाल्या, आणि पंजा उघडून दाखवला. पाण्याच्या कडेपासून पाच मीटरची पट्टी कुणालाही अडवता येत नाही. तिला 'बातीजा' म्हणतात. तिथे छत्री, खुर्ची काही मांडायचं नाही, येणंजाणं मोकळं. शिवाय 2006 सालच्या कायद्यानं लिदोवाल्यावर बंधन आहे, की समोरच्या पाण्यापर्यंत जायला, अगदी पोहायला जायलासुद्धा, आपल्या जागेतून फुकट वाट द्यायची. म्हणजे त्या मुलाला आम्हाला अडवण्याचा हक्कच नव्हता, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आजी घडीची खुर्ची काखेत घेऊन दारात उभ्या. तेच फाटक. त्या थांबल्या नाहीत, विचारलं नाही, आवाजही चढवला नाही. "बोनजोर्नो," म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "बोनजोर्नो, सिन्योरा." आणि आम्ही चौघी त्यांच्या मागून आत.

त्यानंतरचे पाच दिवस मी जे पाहिलं त्यासाठी पुन्हा जाईन. मोकळ्या किनाऱ्यावर सकाळी म्हाताऱ्या बायका येतात, छातीभर पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तास-दीड तास बोलतात. डोक्यावर टोपी, डोळ्याला गॉगल, हात पाण्याखाली. कुणी पोहत नाही. पोटं सुटलेली, ऑपरेशनचे व्रण उघडे, आणि कुणाचं लक्षही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गोलात घेतलं. आमची डॉक्टरीण, जी आयुष्यात कधी समुद्रात पंजाबी ड्रेसशिवाय उतरली नव्हती, ती पोहण्याच्या कपड्यात उभी राहून हातवाऱ्यांनी गुडघ्याचे व्यायाम शिकवत होती. दुपारी 'फ्रिझेल्ला' नावाची कडकडीत भाजलेली पावाची चकती निघायची. ती क्षणभर समुद्रात बुडवायची, वर टोमॅटो चुरडायचा, ऑलिव्ह तेल, ओरेगानो. मीठ वेगळं लागत नाही. मग एक ते पाच सगळं गाव झोपतं. त्या वेळेला त्यांच्याकडे खास शब्द आहे, 'कोन्त्रोरा'.

(जाणाऱ्यांसाठी: इकडे दोन समुद्र आहेत, एड्रियाटिक आणि आयोनियन, मध्ये तासाभराचं अंतर. उत्तरेचा त्रामोन्ताना वारा वाहत असेल तर आयोनियनला जा, आग्नेयेचा शिरोक्को असेल तर एड्रियाटिकला. सकाळी आधी वारा बघायचा, मग किनारा ठरवायचा.)

15 ऑगस्टला तिथे फेरागोस्तो, मूळ सम्राट ऑगस्टसनं इसवी सनापूर्वी 18मध्ये दिलेली सुट्टी, आता मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. त्या दिवशी वाळूवर वांग्याच्या पार्मिजानाचे आणि भाजलेल्या पास्ताचे ट्रे उघडतात. तीन घरांनी आम्हाला वाढलं. लिदोत पन्नास युरो भरून बसलेल्या जोडप्यांना असं कुणी वाढताना मला दिसलं नाही. खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून, मध्ये मोजून अंतर. तिथे शेजार होत नाही.

लिदोवाले वाईट नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. एका दुपारी आम्ही तिथेच बदामाच्या दुधातली बर्फाची कॉफी प्यायला गेलो. गल्ल्यावरच्या बाई सांगत होत्या, सासऱ्यांनी बांबूच्या दहा खोपट्यांपासून सुरुवात केली, वाळू झाडली, माणसं बुडताना वाचवली. आता युरोपच्या 2006च्या निर्देशामुळे या जागांचा लिलाव व्हायला हवा. सरकारं मुदत वाढवत राहिली, 2021मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती मुदतवाढ बेकायदा ठरवली, तरी 2024मध्ये पुन्हा सप्टेंबर 2027पर्यंत वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिदोवाल्यांनी एका सकाळी दोन तास छत्र्या उघडल्याच नाहीत, निषेध म्हणून. त्यांची भीती खरी आहे, मोठी कंपनी येईल आणि घराणं उठवेल. पण लिलाव कुणाला मिळावा हा त्यांचा प्रश्न आहे. माझा प्रश्न वाटेचा आहे. पैसे घेऊन खुर्ची द्या, सावली द्या, त्यात गैर काहीच नाही. पाण्यापर्यंतची वाट मात्र विकू नका. आजी म्हणाल्या ते मला पटलं: ऑलिव्ह गेले, आता या गावांकडे विकायला वाळूच उरली आहे, म्हणून तिच्यावर एवढी झुंबड.

या सगळ्यात वेंगुर्लेकरीण रोज एक काम करत होती. सकाळी पाण्याच्या काठाशी काडी रोवायची, संध्याकाळी बघायची. काडी तिथेच. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाच मीटरचा नियम इथे चालतो, कारण इथला समुद्र जागचा फारसा हलत नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून दोनदा आत येतं नि बाहेर जातं, म्हणून आपला कायदा भरतीरेषेपासून मोजतो. 2011च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर तिथून 200 मीटर बांधकामाला मनाई होती, 2019मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ती 50वर आली. तिच्या वडिलांच्या वेळी पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला चाळीस-चाळीस माणसं लागायची. दोरी खेचत मागे-मागे जायला मोकळी वाळू हवी. आता त्याच पुळणीवर सुरूच्या बनाला लागून कुणाची तरी भिंत आली आहे, आणि भावाला जुन्या वाटेनं समुद्रावर जाता येत नाही. हे ती वर्षभर फोनवर सांगत होती. मी ऐकत होते, पण नीट ऐकलं ते त्या फाटकावर स्वतः अडल्यावर.

शेवटच्या सकाळी तिनं वाळूवर पसरायला आणलेली आईची जुनी सुती साडी काढली. साडेपाच मीटरची. टोकाची अर्धा मीटर घडी घातली, पदर पाण्याच्या कडेला आजींच्या हातात दिला आणि दुसरं टोक घेऊन लिदोच्या दिशेनं चालू लागली. साडी पूर्ण उलगडायच्या आत ती पहिल्या रांगेच्या खुर्चीला अडखळली. मीटर-दीड मीटर कापड अजून हातात होतं. फाटकावरचा मुलगा तिथेच उभा होता, बघत. त्याने खुर्च्या हलवल्या नाहीत, आम्हाला हटकलंही नाही. आजींनी ओला पदर पिळून परत दिला.

वेंगुर्लेकरणीनं साडी झटकली, चौघडी केली आणि पिशवीत ठेवताना म्हणाली, "ही आता वेंगुर्ल्याक न्हेतंय. थंय मापूक व्हया."