नळाच्या पाण्याचा टीडीएस ९० : आरओच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरणारा एक मेसेज आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस ९० येतो, म्हणजे दर लिटरमागे ९० मिलिग्रॅम घाण पोटात जाते, विजेच्या रॉडची चाचणी केली की ही घाण डोळ्यांना दिसते, पाणी उकळून उपयोग नाही, कारण टीडीएस तेवढाच राहतो, क्षारांमुळे मुतखडा होतो, क्लोरीन तर विषच, म्हणून घरोघरी आरओ (अतिबारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन) हवाच. हा मेसेज वाचून घरं हजारो रुपये घालवतात आणि जिथे खरा धोका आहे तिकडे कोणी बघत नाही. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

"टीडीएस म्हणजे घाण"

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ. नळाच्या पाण्यात ते मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार आणि बायकार्बोनेट असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी या तलावांत साठतं ते पावसाचं पाणी. ते सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत येतं आणि हा दगड सहजी विरघळत नाही. त्यामुळे मुंबईच्या पाण्याचा आकडा मुळातच कमी असतो. ९० हा आकडा उत्तम आहे.

टीडीएसचा आकडा दाखवणारा मीटर नेमकं काय मोजतो तेही बघा. त्याच्या दोन पिनांमधून पाण्यातून किती वीज वाहते ते मोजून, एका ठरावीक गुणकाने गुणून तो आकडा दाखवतो. आरओच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर ढवळून मीटर बुडवा: आकडा जवळजवळ तसाच राहतो, कारण साखर विरघळते पण वीज वाहून नेत नाही. आता दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा शेकड्यांत जातो. कॉलऱ्याचे जंतू, काविळीचा विषाणू यांपैकी काहीच या मीटरला दिसत नाही. ग्लासात गटाराच्या पाण्याचे चार थेंब पडले तरी आकडा जेमतेम हलेल.

"रॉड टाकले की घाण दिसते"

लोक सर्वात जास्त घाबरतात ते याच प्रयोगाला, आणि फसवणूकही यातच आहे. विक्रेत्याच्या यंत्रात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. एक जोडी नळाच्या पाण्यात, दुसरी आरओच्या पाण्यात बुडवून प्लग चालू केला की मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-हिरवट होतं, वर फेस येतो, तळाशी गाळ बसतो. आरओचं पाणी स्वच्छच राहतं.

तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचा असतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि लोहाचं हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे गंजाचाच प्रकार. पांढरट गोळे दिसले तर ते ॲल्युमिनियमचे. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग वीज वाहत नाही आणि कांडीही झिजत नाही. विक्रेता घरी आला तर त्याला एवढंच सांगा: "दादा, आता आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा चालवा." तेही पाणी तसंच घाण होईल. हा प्रयोग स्वतः करू नका; यंत्र थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतं, ओल्या हाताने शॉक बसू शकतो.

"उकळून उपयोग नाही"

टीडीएस कमी होत नाही हे खरं. थोडं पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे आकडा किंचित वाढूही शकतो. पण उकळायचं ते जंतू मारण्यासाठी. बुडबुडे जोरात फुटायला लागल्यावर एक मिनिट पुरेसं आहे. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. नंतर घात होतो तो दुसरीकडेच: उकळलेलं पाणी न घासलेल्या माठात ओतलं जातं आणि त्यात हात घालून पेला बुडवला जातो. उकळलं त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या.

"क्षारांनी मुतखडा होतो"

टीडीएस ९० असलेलं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं तर सगळे क्षार मिळून २७० मिलिग्रॅम पोटात जातात. एका ग्लास दुधात नुसतं कॅल्शियमच साधारण २४० मिलिग्रॅम असतं. आणि बऱ्याच जणांना पटत नाही असं निरीक्षण म्हणजे, आहारातलं कॅल्शियम मुतखड्यापासून वाचवतं. अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांचा मागोवा घेणारा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये मुतखडे कमी होते. २००२ मध्ये इटलीतल्या १२० रुग्णांवरच्या पाच वर्षांच्या चाचणीत कॅल्शियम तोडलेल्या गटापेक्षा, नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी घेणाऱ्या गटात खडा पुन्हा होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिलं. कारण सरळ आहे: बहुतेक खडे ज्याच्यापासून बनतात त्या ऑक्सलेटला कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे ते ऑक्सलेट लघवीपर्यंत पोचत नाही. मुंबईच्या घामात पाणी कमी पिणं हे खड्याचं खरं मोठं कारण आहे.

"क्लोरीन विष आहे"

उलट नळाच्या पाण्याला क्लोरीनचा अजिबात मागमूस नसेल तर काळजी करा. मानकानुसार नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. वास आवडत नसेल तर पाणी तासभर पातळ फडक्याखाली ठेवा.

शिल्लक क्लोरीन एवढं महत्त्वाचं का? शहरात पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की जमिनीखालच्या पाइपमधला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरू शकतं. पुढे ते सोसायटीच्या तळटाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत आणि मग तुमच्या नळाला. क्लोरीनची तपासणी घरी होते: पाणी तपासायच्या किटमधले ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. एकदा महापालिकेची लाइन तळटाकीत पडते तिथे तपासा, एकदा स्वयंपाकघरात. तिथे पिवळं आणि इथे बिनरंगी आलं, तर क्लोरीन सोसायटीच्याच टाकीत संपतंय, बहुतेक वेळा तळाच्या गाळामुळे. घराघरात आरओ बसवून ती टाकी साफ होत नाही.

टाकी सहा महिन्यांनी, आणि एकदा पावसाळ्याआधी नक्की, धुवा: पूर्ण रिकामी करा, भिंती घासा, गाळ पंपाने काढा. मग भरून क्लोरीनचा डोस द्या. १०,००० लिटरला लिटरमागे ५० मिलिग्रॅम धरलं तर ५०० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे २५ टक्के ताकदीची सुमारे दोन किलो ब्लीचिंग पावडर. उघड्या पोत्यातली जुनी पावडर दमटपणाने निकामी झालेली असते. बारा तास ठेवून सगळं पाणी सोडून द्या. झाकणाला भेग नाही ना आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे ना, ते त्याच दिवशी बघा. माणसाला टाकीत एकट्याने, हवा न खेळवता उतरवू नका. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात तळटाकीत गुदमरून चार कामगारांचा जीव गेला.

"म्हणून आरओ हवाच"

साधा घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. दिवसाला १५ लिटर वापरणाऱ्या घरातून ४५ लिटर वाया. शंभर घरांच्या सोसायटीत ४,५०० लिटर, म्हणजे दर दोन-अडीच दिवसांना दहा हजार लिटरचा एक टँकर. टीडीएस ९० असेल तर सोडून दिलेल्या पाण्याचा येतो फक्त १२० च्या आसपास, मानकाच्या मर्यादेच्या पावभरही नाही. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ नको, हे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच सांगितलं.

बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस ॲडजस्टर नावाचा एक स्क्रू असतो. तो उघडला की आरओमधून न गेलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं आणि चव परत येते. म्हणजे आधी क्षार काढायचे, मग तेच परत घालायचे. शिवाय कार्बन फिल्टरने क्लोरीनही काढलेलं असतं, त्यामुळे मशीनच्या टाकीतल्या पाण्याला कसलंच संरक्षण नसतं. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर ती टाकी पूर्ण रिकामी करून मगच प्या.

महापालिकेच्या पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्याने जंतू अडवणारं) मशीन पुरतं. यूएफला वीज लागत नाही. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला तरी त्याची जंतू मारायची ताकद ओसरते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या तासांनंतर तो बदलावाच लागतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर त्याआधीचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर बदला, नाहीतर किरण गाळातच अडकतात.

आरओ योग्य कुठे? बोअरवेलचं किंवा खाडीजवळचं खारं पाणी, कुठून भरला ते माहीत नसलेला टँकर, टीडीएस ५०० च्या वर. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या जास्त फ्लोराइड असलेल्या विहिरींनाही तो कामाचा. मात्र फ्लोराइड मीटरवर कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

मशीनची ऑर्डर देण्याआधी एच-टू-एस चाचणीची (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी पडणारी) बाटली आणा. नळ पुसून दोन मिनिटं सोडा, बाटलीच्या आत बोट न लावता खुणेपर्यंत भरा आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळं पडलं तर मैल्याचा संशय धरायचा: प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत उकळून प्यायचं, टाकीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने निर्जंतुक बाटलीत त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचे आणि सेक्रेटरीकडे टाकी उघडून दाखवायची मागणी करायची.