माझं मॉडेल 2019 चं आहे

काल धुळ्याहून परत आले आणि डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणून लिहितेय. रात्री झोपेत मी कोणाला तरी "समर्पक म्हणजे नेमकं काय हो?" असं विचारत होते म्हणे. नवरा सांगतो. त्याने उत्तर दिलं नाही, कूस बदलली.

काम काय, तर पीएचडीच्या मुदतवाढीचा अर्ज द्यायचा. दोन पानी फॉर्म, गाईडची सही घेतलेली, चलन भरलेलं, झेरॉक्स तीन प्रतीत. आमचं रिसर्च सेंटर धुळ्यातल्या एका कॉलेजात आहे. नाव लिहीत नाही, अजून बऱ्याच सह्या बाकी आहेत माझ्या. पारोळ्याहून सकाळच्या एसटीने निघाले, दहाला ऑफिसात हजर. मे महिना, धुळं, दहा वाजताच रस्त्यावर कुत्रं नाही. ऑफिसात भाऊसाहेब होते, एक टेबलफॅन होता (भाऊसाहेबांकडे तोंड करून), आणि खिडकीतला कुलर खाली काढून, त्याचे तिन्ही पत्रे उघडून, तोंडात दोन स्क्रू धरून फरशीवर मांडी घालून बसलेला कुलरवाला होता. हा माणूस लक्षात ठेवा.

फॉर्ममध्ये नऊ नंबरचा रकाना आहे. 'विहित मुदतीत संशोधन पूर्ण न होण्याचे समर्पक कारण.' खाली जागा दीड ओळ. मी बारीक अक्षरात बसवलं होतं, 'मार्गदर्शक सेवानिवृत्त झाल्याने व नवीन मार्गदर्शक मिळण्यास 14 महिने लागल्याने.' शंभर टक्के खरं. माझे पहिले सर 2022 ला रिटायर झाले. बिचारे फार चांगले होते, निरोप समारंभात मला म्हणाले काळजी करू नको, मी आहे. ते आहेतच, पण नियमाप्रमाणे रिटायर झाल्यावर ते फक्त को-गाईड. मेन गाईड दुसरा शोधायचा. आणि गाईड शोधणं म्हणजे लग्नसराईत एसटीत जागा शोधणं. प्रोफेसरला 8 विद्यार्थी, असोसिएटला 6, असिस्टंटला 4, त्याच्यावर एकही नाही, यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. ज्याच्याकडे जावं त्याच्या खिडकीतून आधीच कोणीतरी रुमाल टाकून ठेवलेला. एका सरांकडे एक जागा होणार होती, त्यांच्या एका विद्यार्थ्याचा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला की. तो व्हायवा 5 महिने झाला नाही. मी त्या माणसाला ओळखत नाही, पण त्याचा व्हायवा व्हावा म्हणून मी उपास धरलेत. आता 2022 च्या नवीन नियमात म्हणे स्पष्ट लिहिलंय की ज्यांच्या रिटायरमेंटला 3 वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी देऊ नका. छान. मला दिले तेव्हा कोणी सरांची जन्मतारीख बघितली नव्हती.

त्यात माझा विषय कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी उठते. म्हणजे फील्डवर्कला वर्षातून एक रात्र. एक श्रावण कोरोनाने खाल्ला, पुढे एक गाईडच नाही म्हणून गेला, कारण गाईड नसताना केलेलं काम धरत नाहीत असं कोणीतरी सांगितलं. (कोणी ते आता आठवत नाही, पण ऑफिसात 'कोणीतरी सांगितलं' याला जीआरची किंमत असते.) कानबाईला काही मुदतवाढ देता येत नाही.

तर मी "भाऊसाहेब, मुदतवाढीचा अर्ज" म्हटलं. ते म्हणाले, "थांबा मॅडम." मी थांबले. वीस मिनिटांनी परत म्हटलं, परत थांबा. मग मी विचारलं की मला 2016 चे नियम लागू की 2022 चे, एवढं तरी सांगा. ते म्हणाले, "ते बघावं लागेल." आणि बघितलं कुठे, तर कुलरकडे.

चाळीस मिनिटांनी कुलरवाल्याने तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले आणि मला विचारलं, "ताई, काय काम शे?"

मला सांगायचं नव्हतं खरं तर. घामाने पदर चिकटलेला, पोटात सकाळचा एक चहा. म्हटलं, "मुदतवाढ."

"कसानी?"

"पीएचडीची."

"सरनी का मुदत?" त्याने असं विचारलं की जणू पातेल्यातलं दूध फाटलंय. आणि मग भाऊसाहेबांकडे वळून, "काय भानगड शे भाऊसाहेब?"

इथे जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. जो माणूस मला चाळीस मिनिटं एका वाक्याचं उत्तर देत नव्हता तो खुर्ची सरकवून, पुढे वाकून, कुलरवाल्याला समजावून सांगायला लागला. "असं आहे भो, पीएचडीच्या तीन नियमावल्या. एक 2009 ची, एक 2016 ची, आणि 7 नोव्हेंबर 2022 ला आली ती एक. ज्याचं रजिस्ट्रेशन ज्या काळातलं, त्याला त्या काळातली लागू." म्हणजे येत होतं! सगळं तोंडपाठ होतं, तारखेसकट!

कुलरवाल्याने मान डोलावली. "म्हंजे मॉडेलना हिशोब." आणि माझ्याकडे बघून, "ताई, तुमनं मॉडेल कितवा सालनं?"

आणि मी उत्तर दिलं हो. म्हटलं, "2019 चं."

"मंग 2016 ना पार्ट लागतीन. नवा बसत नहीत."

"करेक्ट!" भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत मला हे इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. ना ओरिएंटेशनला, ना कोर्सवर्कला. थिसिस द्यायच्या आधी एक पेपर रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलमध्ये छापायचा आणि दोन परिषदांत वाचायचे ही सक्ती जुन्या मॉडेलला आहे, 2022 च्या मॉडेलमधून ती काढून टाकलीय. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेली पोरगी मला विचारते, "ताई, तुम्ही अजून पेपरच्या मागे का?" काय सांगू तिला, माझं स्पेअर वेगळं आहे बाई. मी तासिका तत्त्वावर शिकवते, महिन्याला हातात काय येतं ते विचारू नका, येतं तेव्हा सांगेन, आणि त्यातून जर्नलवाल्यांची 'प्रोसेसिंग फी' भरायची.

"मुदत किती वरीसनी?" कुलरवाला आता रंगात आला होता. पंप हातात, त्यातनं शेवाळ गळतंय.

"6 वर्षं. बायांना 2 जास्तीची, दिव्यांगांनाही."

"एक्स्टेंडेड वॉरंटी!"

"तसंच समज."

"बाईस्ले जास्ती कसाले?"

यावर कोणी काही बोललं नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, दारातल्या शिपाई मामांनी बघितलं, कुलरवाला तर बघतच होता. जणू तो नियम मीच रात्री जागून लिहिलाय. माझ्या मनात बरंच आलं. दुसऱ्या मुलीच्या वेळी मी 240 दिवसांची रजा घेतली होती, अख्ख्या पीएचडीत एकदाच मिळते ती, आणि त्या 240 दिवसांत मी एकही ओळ लिहिली नाही पण पोरगी मात्र पूर्ण लिहून काढली, हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. "नियम आहे" म्हटलं. एसटीत अर्धं तिकीट मागितल्यावर शेजारचा पूर्ण तिकीटवाला जसा बघतो ना, 2023 पासून रोज बघतोय, सेम तसंच बघत होते तिघं. अर्धं तिकीट काढून मी अर्धीच पोचते असं वाटतं की काय लोकांना.

मग एकदाचा भाऊसाहेबांनी फॉर्म हातात घेतला. नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे चालणार नाही मॅडम."

"का? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच म्हणतो ना. हे वर गेलं की विचारतील 14 महिने का लागले. मग खुलासा आम्ही द्यायचा. 'कौटुंबिक कारणास्तव' लिहा. सगळ्या लेडीज तेच लिहितात, लगेच पास होतं."

मला काही सुचेना. आमच्या घरात नवरा सकाळचा चहा आणि डबे करतो, मुलींची शाळा बघतो, सासूबाईंनी तर मला स्वतःच्या तोंडची गाणी दिलीत. थिसिसचा अख्खा तिसरा अध्याय म्हणजे सासूबाई. रात्री दळणाला बसल्यासारख्या बसून एकेक कडवं आठवून सांगायच्या, मी मोबाईल धरून. आणि उशीर कोणामुळे, तर कुटुंबामुळे! उद्या कोणी अभ्यास केला की बायांच्या पीएचडी का रखडतात, तर कपाटातल्या सगळ्या फायलींमध्ये एकच कारण सापडणार, कुटुंब. सासवा फुकट बदनाम. कोणाच्या जागा भरल्या होत्या, कोणाची बैठकच 8 महिने लागली नाही, याचा एक कागद नसणार. हे मी तिथे बोलले का? छे. घरी येऊन भांडी घासताना बोलले, फार मुद्देसूद.

बोलला तो कुलरवाला. "चूक त्यासनी, नि सही तुमनी? हाई कोनता कायदा?"

माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. पण त्याने लगेच पुढे म्हटलं, "पन लिखी टाका ताई. आम्ही बी तसंच लिखतस. पंप आमना हातथुन जळना तरी बिलवर 'व्होल्टेज' लिखतस."

भाऊसाहेब हसले, मामा हसले, मी पण हसले, इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. व्हाइटनर भाऊसाहेबांनीच दिलं. 14 महिन्यांवर पांढरं फासलं, फुंकर मारून वाळवलं, वरून 'कौटुंबिक कारणास्तव'. अक्षर सुरेख आलं, दीड ओळीतली एक ओळ उरली सुद्धा.

भाऊसाहेबांनी शिक्का उचलला, आणि थांबले. "पुरावा?"

"कसला?"

"कौटुंबिक कारणाचा. मेडिकल सर्टिफिकेट जोडा ना कोणाचं तरी. असं कसं नुसतं लिहून चालेल?"

"तुम्हीच सांगितलं लिहायला!"

"लिहायला सांगितलं मॅडम, जोडू नका असं कुठं सांगितलं?" आणि एका चिठ्ठीवर 'त्रुटी: पुरावा जोडलेला नाही' लिहून, फॉर्मला टाचणी मारून परत माझ्या हातात.

एवढ्यात कुलर सुरू झाला. नवीन गवताचा वास आला, थंड झोत आला, पण टेबलफॅनसारखाच, भाऊसाहेबांकडे. कुलरवाल्याने खिशातलं बिलबुक काढून तिथल्या तिथे बिल फाडलं. मी वाकून वाचलं, लाज नाही वाटली. 'व्होल्टेजमुळे पंप जळाला, पंप व गवत बदलले.' भाऊसाहेबांनी त्याच्यावर सही केली, शिक्का मारला, मामांनी ते लगेच अकाउंट्सला नेलं. पुरावा कोणी मागितला नाही. जाताना तो मला म्हणाला, "येस ताई, व्हई जाई तुमनं."

बसची वाट बघत स्टँडवर उभी होते तेव्हा राजवाडे आठवले. इतिहासाचार्य राजवाडे, 1926 साली याच धुळ्यात गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पण इथेच आहे. गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उघडली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. त्यांचा स्वभाव तिखट होता असं सगळेच सांगतात. मला वाटतं त्यांना दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल घेऊन कोणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागलं असतं तर खंड 2 निघाले असते आणि धुळ्यात एक खून झाला असता.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे कारण मी?" मी म्हटलं, नाही, अजून ठरलेलं नाही. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी मुद्दाम त्यांचंच नाव घालणार, आणि खोटं नाही, माझ्या डोक्यात तेच होतं, कारण त्यांचे गुडघे खरंच दुखतात आणि डॉक्टर ओळखीचे आहेत.

"मना नाववर कोनता आजार लिखी राह्यनी तू?"

"आई, अजून काही लिहिलं नाही."

त्यांनी दोन शेंगा फोडल्या, दाणे ताटलीत टाकले, विचार केला. "गुडघा लिख. साखर नको लिखू. मंग हाऊ मना चहामातली साखर बंद करी टाकी."